डब्याचं झाकण

आमच्या घोडीला सगळं गाव वेडी म्हणायचं. वेडी, खुनशी, हाताबाहेर गेलेली. कोण कोण काय काय म्हणालं ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. त्यातले निम्मे लोक आता तिच्या कपाळावरून हात फिरवून म्हणतात, "सुधारली हो!" सुधारली म्हणे. बिघडली कधी होती ती?

घोडी माझ्या थोरल्या भावाची, डर्कची. नाव हिस्के. इकडच्या जातीची, काळीभोर, आयाळ खांद्याच्या खाली लोंबणारी. डर्क आणि मी, आम्ही दोघं बिनलग्नाची, कालव्याकाठच्या बापाच्या घरात राहतो. डर्क म्हणतो, त्याला कुणी पसंत पडली नाही. गावातल्या माझ्या वयाच्या बायकांकडे याची दुसरी आवृत्ती आहे आणि मला ती जास्त पटते. एका बिस्किटावर संसार करायला कुठली बाई तयार होईल?

हे बिस्किटाचं सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं. आमच्याकडे सकाळी दहाला कॉफी होते. कोणीही येवो, पाद्री येवो की वीजमीटरवाला, त्याला कॉफी मिळते आणि पत्र्याच्या डब्यातलं एक बिस्किट मिळतं. एक घेतलं की डर्क झाकण लावतो. खट्. दुसऱ्या कॉफीला म्हणाल तर नकार नाही, पण झाकण काही उघडत नाही. आई असंच करायची, आजी असंच करायची, गावात घरोघरी असंच आहे. तो आवाज आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही. घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही, तसा.

त्या वसंतात हिस्के वाळायला लागली. चारा तोंडात घ्यायची, घोळवायची आणि त्याचे ओले गोळे करून खाली टाकायची. तिच्या पायांशी असे गोळे पडलेले असायचे. दाढांना धारेच्या कडा आल्या होत्या, गाल आतून सोलून निघाले होते. उपाय साधा. दाढा कानशीने घासायच्या. पण जागेपणी कुठली घोडी तोंडात कानस घालू देईल? आधी मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, आणि इंजेक्शन म्हटलं की हिस्के आणि भिंत यांच्यामध्ये जो सापडेल त्याने आपलं आपण बघायचं.

ही गोष्ट एका दिवसात झालेली नव्हती. आमचे जुने जनावरांचे डॉक्टर, रीमर्स्मा, यांची एक पद्धत होती. लाकडी दांड्याला दोरीचा फास. तो घोडीच्या वरच्या ओठात अडकवायचा आणि पीळ घालायचा. एकजण दांडा धरणार, एकजण कान, बाकीचे अंगावर रेलणार, आणि रीमर्स्मा सुई खुपसणार. शीर सापडली तर ठीक, नाही तर परत. याला ते 'धरणं' म्हणायचे. शेजारचा सीत्से दांडा धरण्यात पटाईत होता. त्याचा त्याला अभिमानही होता, अजून आहे.

"जनावर आहे, बाउक," तो मला म्हणायचा. "त्याला कळायला हवं, मालक कोण ते."

"कळलंय तिला," मी म्हटलं. "आधी मालक कोण ते कळलं, मग नालायक कोण ते."

शेवटच्या खेपेला तबेल्याच्या दाराची फळी गेली आणि रीमर्स्मांचा चष्मा गेला. त्यांनी पुन्हा आमच्या अंगणात पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली आणि पुढे लवकरच निवृत्त झाले. घोडीच्या ओठावरची कातडी निघाली होती, त्याबद्दल शपथ घेणारं कोणी नव्हतं.

त्यांच्या जागी नीन्के आली. पलीकडच्याच गावची, सायकल दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, शिकून डॉक्टर झालेली. तिची गाडी फाटकात वळली तशी हिस्के तबेल्यात घामाघूम होऊन उभी राहिली. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. नीन्के दारापासून लांबच थांबली, खिशात हात घालून बघत राहिली. मग म्हणाली, "आज मी काही करणार नाही."

"काही करणार नाही?" डर्क म्हणाला. "मग आलात कशाला?"

"कॉफी प्यायला, काका."

"मी डॉक्टरला बोलावलं होतं."

"डॉक्टर कॉफी पितात की."

कॉफीला नाही म्हणणं आमच्यात बसत नाही. ती आत आली, एक बिस्किट घेतलं, खट्, आणि तिने मला सगळं समजावून सांगितलं. घोडी सुईच्या आधीच घाबरलेली दिसते, म्हणाली. गाडीला, डॉक्टरच्या हिरव्या झग्याला, स्पिरिटच्या वासाला. हे सगळं एकेक करून तिच्यापुढे यायला हवं, आणि त्यातून दुखणं न येता खाऊ यायला हवा. रोज, थोडं थोडं. ती मागे सरली तर आपणही मागे सरायचं. जबरदस्ती एकदाही नाही.

"आणि दाढा?" डर्कने विचारलं.

"तोवर भिजवलेला भुसा द्या. मऊ."

"म्हणजे घोडीचे लाड करायचे, वर तिला लापशी भरवायची."

"हो," नीन्के म्हणाली. "अगदी तसंच."

ती गेल्यावर डर्कने मला ऐकवलं. ही पोरगी घोड्यांची डॉक्टर आहे की शिशुवर्गाची बाई? आमच्या बापाने कधी घोड्याला विचारलं होतं का, बाबा, तुला चालेल का म्हणून? मी म्हटलं, आपल्या बापाने आपल्यालाही कधी विचारलं नाही, आणि बघ आपण कशी निघालो.

मग डर्कने त्याचा हिशेब मांडला. तो असा: घोड्यांचा व्यापारी वोब्बे एका शनिवारी येणार आहे. त्याआधीच्या गुरुवारी नीन्केने सुई दिली आणि दाढा घासल्या तर घोडी राहील. नाही तर वोब्बेच्या गाडीत चढेल. "उपाशी मरताना मी तिला बघणार नाही," तो म्हणाला. हे खरं होतं. माझा भाऊ कंजूष आहे, दुष्ट नाही. पण वोब्बेच्या गाडीतून म्हाताऱ्या, दुखऱ्या घोड्या दक्षिणेला जातात, आणि तिथून पुढे कुठे जातात हे गावात कोणी त्याला विचारत नाही. विचारलं तर तो सांगेल, ही भीती.

मी कामाला लागले. नीन्केने तिचा जुना हिरवा झगा दिला होता. तो मला घोट्यापर्यंत यायचा. पहिल्या दिवशी मी तो घालून अंगणात आले तर सीत्से कुंपणावरून ओरडला, "अगं बाई, कालव्यातून बेडूक बाहेर आला!"

"आला," मी म्हटलं. "आणि त्याला माशी दिसतीये."

हिस्केने झगा बघितला आणि भिंतीला चिकटली. मी दारात उभी राहिले. ती एक पाऊल पुढे आली की खिशातून गाजराचा तुकडा. मान खाली घातली की वाळक्या पावाचा तुकडा. ॲप्रनचे दोन्ही खिसे भरलेले असायचे आणि मी हात आखडला नाही. मग फडक्यावर स्पिरिट घेतलं. आधी नुसतं खिशात ठेवून वास येऊ दिला, मग मानेवर फिरवलं. मग मानेची कातडी चिमटीत धरली. मग बिनसुईची प्लास्टिकची पिचकारी टेकवली. प्रत्येक गोष्टीनंतर खाऊ, खाऊ, खाऊ. नीन्के येता-जाता फाटकाशी गाडी थांबवायची, आत यायची, घोडीचा खांदा खाजवायची आणि निघून जायची. काही दिवसांनी गाडीचा आवाज आला की हिस्के दारावरून मान बाहेर काढायला लागली. ही वेडी घोडी! मला लाज वाटली, तिची नाही, आमची. इतकी वर्षं एवढ्याशा गोष्टीसाठी पुरुषांचा घोळका तिच्या अंगावर लोंबकळत होता.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. घोडी कधी कधी अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बांधलेली असायची. सगळं शांत. कॉफीची वेळ झाली की ती मध्येच दचकायची, डोकं वर फेकायची, मागे सरायची. अंगणात कोणी नाही, काही नाही. मी म्हटलं, असेल, अजून भीती पुरती गेलेली नाही.

डर्क लांबून बघायचा आणि टोमणे मारायचा. "कितवं गाजर हे?"

"मोजत नाही मी."

"तेच म्हणतोय. कोणी तरी मोजायला हवं."

गुरुवार आला. नीन्के वेळेवर आली. हिस्के मान बाहेर काढून उभी. मी झगा चढवला, खिसे भरले, आणि तेवढ्यात डर्क रविवारची टोपी घालून तबेल्यात आला. काखेत त्याचा घोड्याच्या खाऊचा डबा. डबा म्हणजे घरातलाच बिस्किटांचा जुना डबा. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत, घरात म्हातारं झालेलं तबेल्यात जातं. त्यात वाळका पाव.

"घोडी माझी आहे," तो म्हणाला. "तिच्या तोंडाशी मी उभा राहणार."

"तू महिनाभर तिच्या जवळ आला नाहीस, दादा."

"जन्मापासून आहे मी तिच्याजवळ. तू बाजूला हो."

नीन्के माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, असू दे. मालकाला दूर लोटायचं कसं? सीत्सेही आला होता, न बोलावता, हातात तो दांडा. "लागला तर," म्हणाला. मी त्याला तबेल्याबाहेर काढलं, दांड्यासकट.

सगळं छान चाललं होतं. नीन्केने खांदा खाजवला, घोडीने ओठ लोंबवला. स्पिरिटचा बोळा फिरवला, ती हलली नाही. नीन्केने शीर दाबली, ती फुगली, सुई हातात घेतली. "आता द्या काका," ती हळू म्हणाली. डर्कने डबा उघडला, पावाचा एक तुकडा दिला, आणि डबा बंद केला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. हिस्के आडवी उडाली. नीन्के गवतात पडली, सुई छताला लागली, डर्कची रविवारची टोपी शेणात. घोडी कोपऱ्यात उभी राहून थरथरत होती, तोंडातला पावाचा तुकडाही तिने टाकला होता.

"बघितलंस?" डर्क म्हणाला. "बघितलीस तुझी गाजरं?"

बाहेरून सीत्से म्हणाला, "मी दांडा आणला होता."

"तुझा दांडा—" मी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. आमच्या पाद्रीबाई हे वाचतील.

नीन्केला खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. पण तिचा चेहरा पडला होता. "कुठे चुकलं तेच कळत नाही," म्हणाली. "सगळं बरोबर होतं." डर्क म्हणाला, चुकलं काही नाही, घोडीच तशी आहे, शनिवारी वोब्बे येतोय. एवढं बोलून त्याने घड्याळ बघितलं. दहा वाजले होते. आभाळ कोसळलं तरी आमच्याकडे दहाला कॉफी होते. घोडीला हवा लागावी म्हणून मी तिला बाहेर, खिडकीसमोर बांधलं, आणि आम्ही आत आलो.

खिडकी उघडी होती. मी कॉफी ओतत होते, पाठ टेबलाकडे, तोंड अंगणाकडे. हिस्के आता थोडी शांत झाली होती, मान खाली होती. माझ्यामागे डर्कने डबा नीन्केपुढे केला. तिने एक घेतलं.

खट्.

अंगणात हिस्केने डोकं वर फेकलं आणि दोरी ताणली जाईपर्यंत मागे सरली.

माझ्या हातातली किटली टेबलावर कशी आली मला माहीत नाही. मी डर्कच्या पुढ्यातला डबा उचलला, खिडकीशी गेले, झाकण उघडलं. घोडी बघत होती. झाकण लावलं. तिच्या खांद्यावर कातडी थरथरली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तिच्या मानेवर घाम आला.

नीन्के उठून माझ्याजवळ आली. "अरे देवा," ती म्हणाली. "आणि मलाही ऐकू आलं नाही."

"तुला कसं येणार? तू इथलीच."

"काय ऐकू आलं नाही?" डर्क.

मी वळले. मला वाटतं, मी आयुष्यात तेवढी संतापले नव्हते, आणि माझ्या संतापाचा अनुभव गावात बऱ्याच जणांना आहे. "रीमर्स्मा आले की तू काय करायचास? सांग. काय करायचास आधी?"

"काय करायचो? तुकडा द्यायचो तिला."

"एक तुकडा."

"एकच. मग काय टोपली देऊ?"

"आणि मग?"

"मग डबा बंद करून फळीवर ठेवायचो. हात मोकळे नकोत का? कान धरायला—"

तो थांबला. डर्क मंद नाही, फक्त स्वतःच्या बाबतीत त्याला वेळ लागतो.

"वर्षानुवर्षं," मी म्हटलं. "एक तुकडा, खट्, आणि ओठाला फास. तिने ते लक्षात ठेवलं, एवढाच तिचा गुन्हा. तुझा डबा बंद झाला की तिचं कातडं सोललं जायचं, आणि तुम्ही सगळे मिळून तिला वेडी म्हणत होतात! आणि आज तिने सगळं दिलं होतं तुम्हाला, मान दिली होती, आणि तू, तिच्या तोंडावर, एवढासा पाव वाचवायला—"

"सवय आहे," तो म्हणाला.

"तिचीही सवय आहे! पण तिच्या सवयीसाठी वोब्बे येतोय. तुझ्या सवयीसाठी कोण येणार?"

मी घरातल्या डब्याचं झाकण घेऊन बाहेर पडले, तबेल्यात जाऊन तिथलंही घेतलं, आणि दोन्ही कालव्यात फेकली. घरातलं लगेच बुडालं. तबेल्यातलं थोडा वेळ तरंगलं, बदकांनी येऊन बघितलं, मग तेही गेलं. कुंपणापलीकडून सीत्से बघत होता. मी त्याच्याकडे हात पुढे केला. त्याने दांडा पाठीमागे लपवला आणि घरात गेला.

परत आले तर डर्क उघड्या डब्याकडे बघत बसला होता. "आईचं होतं ते," म्हणाला.

"आईला सांग मी टाकलं."

नीन्के म्हणाली, आज पुन्हा नको, घोडीला विसावा हवा, मी उद्या सकाळी येते. डर्क म्हणाला, "उद्या शुक्रवार."

"मला माहीत आहे काका, उद्या शुक्रवार."

त्या दिवशी दुपारभर डर्क तबेल्यात होता. मी गेले नाही. खिडकीतून दिसत होतं तेवढं बघितलं. बिनझाकणाचा डबा गुडघ्यावर घेऊन तो पालथ्या बादलीवर बसला होता. घोडी कोपऱ्यात. बऱ्याच वेळाने ती आली, डब्यात तोंड घातलं. त्याचा हात सवयीने डब्यावर यायला निघाला आणि मध्येच थांबला. तो हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला. हे मी बघितलं. माझा राग तरीही गेला नाही, पण थोडा सरकून बसला.

शुक्रवारी नीन्के आली. डर्क घोडीच्या तोंडाशी, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, उघडा. मी बाजूला, झग्यात. नीन्केने खांदा खाजवला, बोळा फिरवला, शीर दाबली. हिस्केचे कान डब्याकडे वळले आणि तिथेच राहिले. ती वाट बघत होती. आम्ही सगळे वाट बघत होतो, त्या आवाजाची, जो आता कालव्याच्या तळाशी होता.

"खा गं," डर्क म्हणाला. "आहे अजून. खा."

सुई गेली. हिस्केने एक पापणी हलवली आणि पावाचा पुढचा तुकडा उचलला. थोड्या वेळाने तिची मान जड झाली, खालचा ओठ लोंबला, आणि नीन्केने कानस काढली. दाढा घासल्याचा आवाज लाकडावर करवत चालवावी तसा होता. डर्क तिचं डोकं खांद्यावर पेलून उभा होता. सगळं होईपर्यंत त्याने खांदा बदलला नाही.

शनिवारी वोब्बे आला, गाडी घेऊन, बरोबर दहाला. त्याला अंगणात चारा खाणारी घोडी दिसली. पायांशी एकही गोळा नव्हता.

"ही का ती?" वोब्बेने विचारलं.

"ही नाही," डर्क म्हणाला. "ती गेली. आत ये, कॉफी झालीये."

वोब्बेने एक बिस्किट घेतलं. मग डब्याकडे बघितलं. झाकण नाही. त्याने डर्ककडे बघितलं, डर्कने खिडकीबाहेर. वोब्बेने दुसरं घेतलं. मग तिसरं. असा माणूस फुकटाची वाट मोकळी दिसली की थांबत नाही. डर्क प्रत्येक बिस्किट डोळ्यांनी मोजत होता, पण हात टेबलाखाली होते. घोडीऐवजी बिस्किटं घेऊन वोब्बे गेला.

आता आमचा डबा उघडाच असतो. कालव्याची दमट हवा, बिस्किटं मऊ पडतात. परवा डर्कने एक तोंडात घातलं, चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"सादळलीत," म्हणाला.

"खा मुकाट्याने," मी म्हटलं. "तुझ्या दाढा तरी घासायला लागणार नाहीत."

खिडकीबाहेर हिस्के चरत होती. तिने डोकं वर केलं नाही.